झऱ्याघराची राखण

शुक्रवारी सकाळी फर्निसांचा झरा उठला नाही.

आमचा झरा रात्री झोपतो, हे हॅदरलोत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अंधार पडला की खडकातलं पाणी बारीक होत होत थांबतं आणि सकाळी दूधवाल्याच्या गाडीच्या सुमारास पुन्हा धो धो सुरू होतं. डर्बीशरच्या डोंगरात झरे पुष्कळ आहेत, पण झोपणारा झरा आमचाच. त्यावर दोन विद्वान येऊन गेले. एकाने त्याचा संबंध चंद्राशी लावला, दुसऱ्याने जमिनीखालच्या पोकळ्यांशी, आणि दोघांनीही ऑड्री फर्निसच्या हातचा केक पोटभर खाल्ला.

तर तो उठला नाही, हे आधी बॅगशॉसाहेबांनी पाहिलं. साहेब बँकेतून निवृत्त होऊन इथे आले आणि सामान सोडायच्या आत झरा-समितीचे अध्यक्ष झाले. रोज कुत्र्याच्या निमित्ताने कुंडात डोकावून येणं हे ते आपलं कर्तव्य मानतात. कुंड कोरडं पाहून त्यांनी पोस्टात सांगितलं, पोस्टातून ते बेकरीत गेलं, आणि पाव संपायच्या आत गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे, वरच्या दगडखाणीच्या सुरुंगांनी पाण्याची वाट मोडली. दुसरा म्हणे, ऑड्रीचा नवरा सिरिल फर्निस गेला तेव्हाच झऱ्याने हाय खाल्ली होती, आज प्राण सोडला. दुसऱ्या पक्षात गर्दी जास्त होती, कारण त्यात रडायची सोय होती.

फर्निसांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या गावात बातमी ज्याची असते त्याच्या दारात ती सगळ्यात शेवटी पोचते. तोवर बाकीच्यांनी तिला चांगली नटवलेली असते.

*

फर्निस मंडळी मागच्या गल्लीने येऊन कोठारात कामाला बसली होती. कोठारात सुतारी घोड्यांवर मोशे आडवा पडला होता. उद्या दुपारी त्याला झऱ्यामागे उभं करायचं, बँड वाजवायचा, पाद्रीबाईंनी झऱ्याला आशीर्वाद द्यायचा आणि बसगाड्या भरून आलेल्या लोकांनी फोटो काढायचे, असा आमचा दर मे महिन्याचा रिवाज. भल्यामोठ्या लाकडी फळीवर मिठाच्या पाण्यात तुडवलेली चिकणमाती थापायची आणि तिच्यात एकेक पाकळी अंगठ्याने दाबून चित्र भरायचं. यंदाचं चित्र होतं बायबलातल्या मोशेचं. मोशे खडकावर काठी मारतो आणि खडकातून पाणी येतं.

चित्र रोझलिंडने काढलं होतं, बापाच्या स्मरणार्थ. त्यामुळे मोशेला सिरिल फर्निसचं नाक होतं. "बायबलात असं नाक कुठे लिहिलंय ते दाखव," असं तिचा भाऊ क्लाइव म्हणाला होता, आणि तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकांशी जॅनिसमार्फत बोलत होते.

"जॅनिस, खालून वर," रोझलिंड म्हणाली. "आधी खालची ओळ, मग तिच्यावर थोडी चढवून वरची. पाऊस आला तर पाणी घसरून गेलं पाहिजे. दर वर्षी सांगायचं का?"

"मी खालूनच लावतेय."

"खालून म्हणजे डोंगराच्या कडेपासून. तू आकाशाच्या मधूनच सुरुवात केलीस."

जॅनिसने निळ्या पाकळ्यांची ओळ उपटली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली. ती क्लाइवची बायको, मूळची शेफील्डची. शेफील्ड इथून गाडीने तासाभरावरसुद्धा नाही. लग्न होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, गावाची मासिक पत्रिका ती एकटी काढते, कोणाच्या मांजरीला पिल्लं झाली इथपासून कोणाच्या आजीची शंभरी भरली इथपर्यंत सगळं छापते, तरी बेकरीत तिचा उल्लेख 'क्लाइवची ती शेफील्डवाली' असाच होतो. झोपणाऱ्या झऱ्यावर तिने पत्रिकेत चार पानं लिहिली होती. बाहेरचे लोक झऱ्याबद्दल जे बोलतात ते निम्मं जॅनिसच्या त्या चार पानांतलं असतं. याबद्दल रोझलिंडने तिला कधी माफ केलं नाही.

"जॅनिस," क्लाइव फळीच्या त्या टोकाकडून म्हणाला, "बाईसाहेबांना विचार, दाढीला लोकर कमी पडली तर दुकानातून आणणार का? की दुकानातली लोकर फक्त विकायला?"

"त्याला सांग, स्वतःच्या डोक्यावरचे केस लाव म्हणावं. उरलेत तेवढे."

"दोघेही इथेच आहात," जॅनिस म्हणाली. "मला कशाला मध्ये घालता?"

फळीच्या तळाशी, स्टुलावर उशी घेऊन, त्यांची आई ऑड्री बसली होती. तिच्याकडे मोशेच्या झग्याची किनार होती. ती एकेक बी मातीत खोचत होती. काल संध्याकाळी हीच दोन पोरं, एकमेकांशी न बोलणारी, एकत्र तिच्या स्वयंपाकघरात आली होती आणि एका सुरात बोलली होती. काय बोलली, तर तिने जायचं नाही.

*

क्लाइवला आपण काही वाईट केलं असं वाटत नव्हतं. त्याच्या मते तो व्यवहार पाहत होता.

झऱ्याघर फर्निसांच्या मालकीचं नव्हतं. ते चर्चच्या समितीचं. जोवर कुणी फर्निस त्या घरात राहून झऱ्याची राखण करतो तोवर घर फर्निसांचं, झराही फर्निसांचा, आणि आशीर्वादाच्या दिवशी पुढच्या रांगेतल्या खुर्च्याही फर्निसांच्या. पणजोबांपासून हे चालत आलेलं. सिरिल गेल्यावर ऑड्री तिथे एकटी राहिली होती, ते ठीकच होतं. पण ईस्टरच्या जेवणात तिने शांतपणे सांगून टाकलं की बहीण एनिडच्या शेजारची तळमजल्यावरची जागा रिकामी झाली आहे, चेस्टरफील्डला, आणि तिला तिथे जायचं आहे. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

आता ती गेली तर झऱ्याघरात राहायचं कोणी? क्लाइवने टेकडीवर नवं घर बांधलं होतं, जमिनीखालून गरम होणारं. झऱ्याघराच्या भिंतींना बुरशी होती, खिडक्या एवढ्याशा, आणि उन्हाळाभर परके लोक काचेला नाक लावून आत बघत. रोझलिंडचं बेकवेलला वाळलेल्या फुलांचं आणि लोकरीचं दुकान होतं, वर राहायला नीटनेटकी जागा. तिलाही यायचं नव्हतं. म्हणजे राखणदार कोणालाच व्हायचं नव्हतं, आणि राखणदाराचं घराणं मात्र दोघांनाही राहायचं होतं. असा पेच पडला की आमच्याकडे तो आईच्या गळ्यात घालतात.

"निदान पुढच्या वर्षापर्यंत, आई," क्लाइव आत्ताही तेच घेऊन बसला. "एकदम घाई कशाला? एनिडमावशी काय पळून जातेय?"

"ती नाही पळत," ऑड्री म्हणाली. "जागा जाईल."

"दुसरी मिळेल."

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, क्लाइव."

"तेच म्हणतोय. या वयात नव्या जागी रमणार कशी तू?"

ऑड्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बिया खोचायला घेतल्या. तेवढ्यात दार ढकलून बॅगशॉसाहेब आले. मागे बेकरीवाली, पोस्टवाला आणि ज्यांना काम नव्हतं ते सगळे. साहेबांनी टोपी काढून छातीशी धरली होती.

"ऑड्रीबाई," ते म्हणाले, "धीर धरा."

*

रोझलिंडने बातमी ऐकली आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. रडणं तिला लवकर येतं, बापाला जसा राग यायचा तसं. पण रडता रडता ती विचार करू शकते, आणि तिने तो केला. समोर गाव उभं होतं. उद्या आशीर्वाद होता. बापाच्या नावाने काढलेलं चित्र कोरड्या खडकासमोर उभं राहणार होतं. आणि क्लाइव तोंड उघडून खाणीचं नाव घेणार होता, म्हणजे मग वकील, कागद आणि पुढची पाच वर्षं क्लाइवच सगळीकडे मिरवणार.

"खाण," क्लाइव म्हणालाच. "मी मागेच सांगत होतो. सुरुंगांनी सगळं हललंय."

"खाण महिनाभर बंद आहे," रोझलिंड म्हणाली. आज कित्येक दिवसांनी ती त्याच्याशी थेट बोलली. "इतकी वर्षं झरा वाहिला. तो मोठा दुष्काळ पडला, अख्ख्या इंग्लंडात गवत पिवळं पडलं, तेव्हाही वाहिला. लंडनच्या पेपरात फोटो आला. आणि आज थांबतो? बाबा गेले तेव्हा नाही थांबला. आज थांबला." ती आईकडे वळली. "आई, फर्निसांनी घर सोडायची भाषा केल्यावर थांबला."

मग बेकरीवालीने सुस्कारा सोडला आणि तो सुस्कारा ओळीने सगळ्यांनी उचलला. इतकी छान गोष्ट कोणालाच सुचली नव्हती. खाणवाल्या पक्षातले लोकसुद्धा हळूहळू इकडे सरकले.

"असं बोलू नकोस, रोझ," जॅनिस म्हणाली. "त्यांच्या तोंडावर काय बोलतेस हे?"

"तू मध्ये पडू नकोस. तुला नाही कळायचं ते."

"बरोबरच आहे तिचं," क्लाइव घाईने म्हणाला. खाण सुटली तर सुटली, पण ही बाजू जास्त फायद्याची आहे हे त्याला दिसलं होतं. "म्हणजे, शास्त्र वगैरे सोड. लोकांना काय वाटेल ते बघायला पाहिजे ना. आई, तू उद्या सगळ्यांसमोर नुसतं सांग की मी कुठे जात नाही. बास. लोकांना तेवढा दिलासा."

"आणि मग झरा वाहील?" जॅनिसने विचारलं.

"ते देवाच्या हातात," बॅगशॉसाहेब म्हणाले.

देवाचं नाव निघालं आणि दारातून पाद्रीबाई आल्या. पाद्री फिलिपाबाईंकडे पाच गावं आहेत, त्यामुळे त्या नेहमी धापा टाकतच येतात. कोरड्या झऱ्याला आशीर्वाद देता येतो की नाही, हे फोनवर वरिष्ठांना विचारून त्या आल्या होत्या आणि वरिष्ठांनाही ठाऊक नव्हतं. बॅगशॉसाहेबांनी मग सगळ्यांना बाहेर काढलं. कुंडाभोवती उभं राहून शांतपणे प्रार्थना करावी असा त्यांनी ठराव मांडला, आणि काम करण्यापेक्षा ते बरं म्हणून सगळे गेले. कोठारात पाद्रीबाई आणि घरचे चौघे उरले.

*

ऑड्रीने हात फडक्याला पुसले.

तिला वाटलं होतं राग येईल. राग कालच येऊन गेला होता. काल पोरं गेल्यावर ती अंधारात बसून राहिली होती आणि एवढाच विचार करत होती की या दोघांनी दोन तासांत आपल्याला एकदाही विचारलं नाही की आई, गुडघा कसा आहे. आज सकाळी उठून ती सवयीने मागच्या मोरीकडे गेली, दारापर्यंत पोचली, आणि मग परत फिरून तिने चहा केला.

"मी बंद केलाय," ती म्हणाली.

"काय?" क्लाइव म्हणाला.

"झरा. म्हणजे, रात्री रोजच बंद करते. आज सकाळी उघडला नाही."

पाद्रीबाई हसल्या, मायेने, म्हाताऱ्या माणसांशी हसतात तशा. रोझलिंडने आईचा हात धरला. "आई, तू बस जरा."

"बसलेच आहे. ऐका. त्या दुष्काळात आपला झरा आटला. ऑगस्ट महिना होता. तुझे बाबा समितीत नवीन, आणि महिन्याभराने पेपरवाले येणार होते, दुष्काळातल्या गावांचे फोटो काढायला. त्यांनी मोरीतल्या मेन लाइनला पाइप जोडला आणि भिंतीखालून खडकात नेला. दोन रात्री खणत होते. म्हणाले, पाऊस पडला की झरा येईल, मग काढून टाकू. पाऊस पडला. झरा नाही आला. तोवर आपण अख्ख्या इंग्लंडात न आटलेलं गाव झालो होतो."

बाहेर बॅगशॉसाहेबांची प्रार्थना चालू होती.

"नळाचं पाणी," जॅनिस हळूच म्हणाली.

"नळाचं. तुम्ही सगळे पीत होता. खडकाची चव आहे म्हणायचात. नॉटिंगहॅमची ती बाई बाटल्या भरून न्यायची गुडघ्यांसाठी. माझे गुडघे त्याच पाण्यापायी गेले, रोज सकाळ-संध्याकाळ फरशीवर टेकून."

"पण मग तो झोपतो कसा..." रोझलिंड म्हणाली आणि थांबली.

"झरा चालू असला की वर पाणी चढत नाही. अंघोळ नाही, संडासाची टाकी भरत नाही. रात्री तरी घरात पाणी नको? म्हणून बंद करायचे. लोक म्हणायला लागले, झोपतो. तुझ्या बाबांना ते आवडलं." ऑड्री मुलांकडे बघत होती. "तुम्ही त्या घरात वाढलात. दिवसा अंघोळ करायची नाही, असा नियम दुसऱ्या कोणाच्या घरात होता? दोघांपैकी एकानेही कधी विचारलं नाही."

क्लाइवला आठवलं. फुटबॉल खेळून चिखलाने माखून यायचा आणि अंधार पडेपर्यंत मागच्या पायरीवर बसून राहायचा. बाबा म्हणत, पाइप जुने आहेत. त्याने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, की ज्या घराच्या दारात दिवसभर पाणी आहे त्या घरात पाणी का नाही.

त्याच्या डोक्यात त्यानंतर पहिली जी गोष्ट आली ती ही: "आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही. आता तुम्हाला."

"बरं," क्लाइव म्हणाला. "बरं. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही."

"बाहेर कोणाला कळता कामा नये," रोझलिंड म्हणाली. तिचे डोळे केव्हाच कोरडे झाले होते. बहीणभाऊ आता खांद्याला खांदा लावून उभे होते, लहानपणी खिडकीची काच फोडल्यावर उभे राहत तसे. "उद्या सहाशे माणसं येतील. बाबांचं नाव..."

दोघांनी पाद्रीबाईंकडे पाहिलं. बाई मोशेच्या काठीकडे बघत होत्या. पाच गावांत मिळून रविवारी जेवढी माणसं चर्चला येतात त्याच्या कितीतरी पट उद्या एकट्या हॅदरलोत येणार होती, आणि चर्चचं छत गळत होतं.

"पाणी शेवटी देवाचंच," त्या म्हणाल्या. "नळातून आलं म्हणून काय झालं? मी पाण्याला आशीर्वाद देते. पाइपाला नाही."

"अगदी बरोबर," क्लाइव म्हणाला.

ऑड्री त्या तिघांकडे पाळीपाळीने बघत राहिली. खरं सांगितलं की घर पडेल, लोक ओरडतील, पोरं आयुष्यभर बोलणार नाहीत, या भीतीने ती इतकी वर्षं गप्प बसली होती. सिरिलही त्याच भीतीने मेला. आणि हे सगळं निस्तरायला यांना चहा गार व्हायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नव्हता. तिला लाज वाटली, त्यांची नाही, स्वतःच्या त्या भीतीची.

"चल, आई," क्लाइव म्हणाला. "उघड आता. ते लोक तिथे आहेत तोवरच उघडलास तर उत्तम. प्रार्थना ऐकली म्हणतील."

"मी नाही उघडणार."

"मग कुठे आहे तो कॉक ते सांग."

"राखणदाराला सांगेन," ऑड्री म्हणाली. "जो त्या घरात राहायला येईल, त्याला. आत्ता, इथे, पाद्रीबाईंसमोर बोला. कोण येतंय?"

रोझलिंडने क्लाइवकडे पाहिलं. क्लाइवने मोशेकडे.

"तू मोठा आहेस," रोझलिंड म्हणाली.

"तू मुलगी आहेस. आणि एकटी आहेस. तुला सोपं."

"माझं दुकान आहे."

"माझं घर आहे. कर्ज काढून बांधलंय. शिवाय मला दमा आहे."

"कधीपासून?"

"आई, हे काय लावलंयस तू?" क्लाइव चिडून म्हणाला. "ब्लॅकमेल चाललंय हे. तू थोडे दिवस थांब, आम्ही काहीतरी व्यवस्था..."

"मी राहीन," जॅनिस म्हणाली.

*

जॅनिस अजून पाकळ्यांची परात मांडीवर घेऊन बसली होती. सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर तिने परात खाली ठेवली.

"आपण?" क्लाइव म्हणाला. "अगं, आपलं घर..."

"आपण नाही. मी. तू टेकडीवर राहा. दमा आहे तुला."

"तू फर्निस नाहीस," रोझलिंड म्हणाली.

"आडनाव लावते. समितीच्या नियमात आडनावच आहे. मी छापलाय तो नियम, मला पाठ आहे. आणि तुझी हरकत असेल तर सांग, रोझ. तू ये. मी आत्ता मागे हटते."

रोझलिंडने हरकत घेतली नाही. तिने खाली वाकून आकाशातली एक पाकळी उगाचच सरळ केली.

ऑड्री उठली. तिने जॅनिसचा दंड धरून तिला बाहेर नेलं, मागच्या दाराने, झऱ्याघराच्या मोरीत. तिथे दार लावून ती भिंतीला टेकली. मोरी नेहमीसारखीच गार होती.

"नको करूस," ऑड्री म्हणाली. "मी त्यांना चिमटा घ्यायला बोलले. वाटलं, कोणी येणार नाही, मग आपोआप बंदच राहील. राहू दे बंद. तू चांगली पोर आहेस. सगळ्यांत एकटी तू माझ्या बाजूने रोझला 'असं बोलू नकोस' म्हणालीस. तुझ्या गळ्यात हे नको."

"ऑड्री, मला यायचंय."

"रात्री कुठे जाता येत नाही. एनिडचा नवरा गेला तेव्हा मी संध्याकाळच्या बसने परत आले. थंडीत पाइप फुटू नये म्हणून अंथरुणातली ब्लँकेटं त्याला गुंडाळतेस. आणि कोणाला सांगता येत नाही, हे सगळ्यात वाईट. नवऱ्यालाही वैताग येतो तुझा, कारण तुलाच तेवढं माहीत असतं."

"माझ्या नवऱ्याला आता माहीत आहे," जॅनिस म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं, मी कशासाठी करतेय हे? क्लाइवसाठी? मी या गावात आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. लोकांच्या घरी जाऊन विचारते, काही बातमी आहे का, तर दारातच सांगतात. आत बोलावत नाहीत. उद्यापासून त्यांचा झरा माझ्या हातात असेल. मी उठवला तर उठेल."

ऑड्रीने तिच्याकडे नीट बघितलं. असं बोलणारा दुसरा एक माणूस तिने पाहिला होता, त्या ऑगस्टमध्ये, कोपरापर्यंत मातीत भरलेला. तिच्या मनात आलं, सांगावं हिला. पण सिरिललाही तिने सांगितलं होतंच.

"सिंकखालची तिसरी फरशी," ती म्हणाली. "कडेला सुरी घाल. कॉक उलटा फिरतो."

जॅनिस गुडघ्यांवर बसली. फरशी उचलली, हात आत घातला, दात ओठ खाऊन फिरवलं. भिंतीतून घरघर आली. मग खडकाच्या बाजूने पाणी पडल्याचा आवाज, आणि त्यावर लोकांचा गलका. कोणीतरी रडत होतं. बॅगशॉसाहेबांचा आवाज सगळ्यांच्या वर होता, ते देवाचे आभार मानत होते. टाळ्या पडल्या. मोरीच्या जाळीतून ऑड्रीला कुंडाचा कडेचा भाग दिसत होता. क्लाइव आणि रोझलिंड कोठारातून धावत तिथे पोचले होते आणि ती दोघंच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. बेकरीवालीने रोझलिंडला मिठी मारली. पाद्रीबाईंनी डोळे मिटून हात वर केले होते.

"ऐकलंत?" जॅनिस फरशीवरूनच म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "ऐकताय ना?"

"ऐकतेय," ऑड्री म्हणाली.

ती पुढच्या खोलीत गेली. बॅग पलंगाखाली भरलेलीच होती. कोट अंगात घालून तिने फोन लावला. एनिडने उचलायला वेळ घेतला, ती नेहमीच घेते.

"गाडी काढ," ऑड्री म्हणाली. "आजच ये. आत्ता."

"आत्ता? होकार तर सोमवारपर्यंत द्यायचाय ना? काय झालं, भांडलीस का पोरांशी?"

"नाही गं. सगळे खूष आहेत."

"मग एवढी घाई कसली?"

ऑड्रीने दाराकडे पाहिलं. बाहेर बँडवाल्यांपैकी कोणीतरी उत्साहाने ड्रम वाजवायला घेतला होता.

"त्यांना माझी आठवण व्हायच्या आत ये," ती म्हणाली.